अंडं सोलताना निम्मं सालीबरोबर जातंय? ताज्या गावठी अंड्यांचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

कोकणात अंडं सोलताना फजिती होते ती बहुतेक वेळा चांगल्या अंड्याची होते. घाट उतरून आलेल्या ट्रेमधली पांढरी बॉयलर अंडी उकडली तर साल सरसर निघते. शेजारच्या काकींनी "ताजी आसत, आजचीच" म्हणत पदराखालून आणून दिलेली गावठी अंडी उकडावीत, तर सालीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पांढऱ्याचा लचका निघतो आणि हातात उरतं ते उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी. चव उत्तम, पण पाहुण्याच्या ताटात वाढायची लाज वाटते.

समुद्राकाठच्या आमच्या घरगुती खानावळीत हा प्रश्न जून-जुलैत जास्त छळतो. मासेमारी बंद, सुरमई नाही, पापलेट नाही, सुक्या बांगड्यावर किती दिवस काढणार? मग अंड्याचं कालवण. त्यातही सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी वगळायची. उरलेल्या वारांना सगळा भार अंड्यांवर पडतो आणि सोलायला बसलेलं माणूस शिव्या घालतच उठतं.

यावर ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. मीठ घाल, सोडा घाल, लिंबू पिळ, आमसूल टाक, टाचणीने टोच. यातलं बरंचसं निरुपद्रवी आहे आणि बरंचसं निरुपयोगीही. खरं कारण दोनच ठिकाणी शोधायचं. अंडं किती दिवसांचं आहे, आणि ते गार पाण्याबरोबर हळूहळू तापलं की थेट उकळत्यात पडलं.

आधी नेमकं काय बिघडतंय ते बघा

"अंडं नीट सोलत नाही" या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी असतात. एकीत सालीबरोबर पांढरं फाटून येतं. दुसरीत पांढरं शाबूत राहतं, पण साल कणाकणाने निघते आणि नखं दुखायला लागतात. दुसरी फारशी गंभीर नाही. तिथे अंडं बरोबर असतं, फक्त नख पापुद्र्याच्या वरच्या वर फिरत असतं. तिचा उपाय सोलण्याच्या पद्धतीत आहे, तो पुढे सांगतो. खरं दुखणं पहिलं.

कवचाच्या आत एक नाही, दोन पापुद्रे असतात. बाहेरचा कवचाला चिकटलेला, आतला पांढऱ्याला लागून. अंड्याच्या बोथट टोकाला हे दोघे एकमेकांपासून सुटतात आणि मधे हवेची पोकळी राहते. उकडलेलं अंडं सोलल्यावर एका बाजूला जो चपटा खळगा दिसतो तो या पोकळीचा. आजच्या अंड्यात ती अगदी लहान असते, त्यामुळे सुरुवात करायला नखाला जागाच मिळत नाही.

पण मुख्य भानगड पांढऱ्याची आहे. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणून तर आजचं अंडं वाटीत फोडलं की पांढरं किंचित धुरकट दिसतं. बिघडलंय की काय म्हणून काही जण ते फेकायला निघतात! या वायूमुळे पांढऱ्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.६ च्या आसपास राहतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून वायू हळूहळू निघून जातो आणि सामू काही दिवसांत ९ च्या वर चढतो. सामू कमी असताना अंडं उकडलं तर पांढऱ्यातली प्रथिनं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतात, वाढल्यावर ही पकड सैल होते.

तेव्हा बॉयलर अंडं सोपं निघतं यात त्याची थोरवी काही नाही. पोल्ट्रीतून व्यापाऱ्याकडे, तिथून टेम्पोत, घाट उतरून बाजारपेठेत, मग दुकानातल्या फळीवर, एवढा प्रवास होईपर्यंत वायू निघून गेलेला असतो. काकींचं अंडं फक्त कुंपण ओलांडून येतं.

थांबता येत असेल तर थांबा

हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि कुणाला आवडत नाही असा. अंडी मिळाली म्हणजे आजच खायची असं थोडंच आहे?

आपल्याकडच्या उष्म्यात वायू लवकर निघून जातो. सावलीत, टोपलीत किंवा तांदळाच्या डब्यात ठेवलेलं गावठी अंडं साधारण तीन-चार दिवसांत सोलण्याजोगं होतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याच कामाला आठवडा-दहा दिवस लागू शकतात, कारण थंडीत सगळंच सावकाश चालतं. मे महिन्यात पंधरा-पंधरा दिवस अंडी बाहेर ठेवा असा याचा अर्थ काढू नका. चार दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये.

अंड्यावर पेन्सिलने तारीख टाकायची सवय लावा. मार्कर नको, शाई छिद्रांतून आत उतरू शकते. आणि आणल्या आणल्या धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो तो जातो, मग जंतूंना वाट मोकळी. शेण-माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, धुवायचं ते उकडायच्या वेळी.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. काही घरांत अंडी टिकावीत म्हणून कवचावर तेलाचं बोट फिरवतात. टिकतात खरी, छिद्रं बुजतात ना. पण वायूही आतच अडकतो, आणि आठवड्याने उकडलं तरी ते अंडं सोलताना आजच्या अंड्यासारखंच अडून बसतं. "एवढी जुनी अंडी, तरी साल निघत नाही" अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न तेलाचाच विचारतो. तेल लावलेली अंडी आमलेटला, भुर्जीला वापरा. उकडायची बाजूला काढून ठेवा.

तारीख नसेल तर पाण्याची परीक्षा आहेच. खोलगट भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. आडवं तळाशी निजलं तर ताजं, म्हणजे सोलायला वाईट. बोथट टोक थोडं वर उचललं गेलं तर सोलायला उत्तम. उभं राहिलं तर जुनं, पण अजून चालेल, फक्त आधी वाटीत फोडून वास घ्या आणि आमलेटलाच वापरा. तरंगलं तर माडाच्या बुंध्यात.

बाजारात गावठी म्हणून मिळणारं प्रत्येक तपकिरी अंडं गावठी नसतं, हेही लक्षात असू द्या. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या जातींच्या कोंबड्या आता बऱ्याच परसांत दिसतात, त्यांची अंडीही तपकिरी. जुन्या गावठी कोंबडीचं अंडं लहान, साधारण ४० ग्रॅमच्या आसपास. या सुधारित जातींचं त्यापेक्षा मोठं असतं. रंगाचा सोलण्याशी काही संबंध नाही, पण आकाराचा शिजायच्या वेळेशी आहे.

थांबता येत नसेल तर आच बदला

पाहुणे दारात आणि अंडी सकाळची, अशी वेळ येतेच. तेव्हा एकच नियम: अंड्याला पहिला चटका जोरदार बसला पाहिजे.

गार पाण्यात अंडी ठेवून गॅस लावला की पांढरं कडेकडेने सावकाश घट्ट होत जातं आणि तेवढ्या वेळात पापुद्र्याशी त्याचं छान जमतं. तेच अंडं थेट उकळत्या पाण्यात किंवा वाफेत गेलं तर बाहेरचा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्याला धरायला त्याला उसंत मिळत नाही. घरोघरी गार पाण्यापासूनची पद्धत रुळली ती अंडी कमी तडकतात म्हणून, आणि दुकानातल्या अंड्यांना ती चालूनही जाते. आजच्या अंड्याला नाही चालत.

मला वाफ जास्त पसंत आहे. टोपात दोन बोटं पाणी घ्या, वर पाय असलेली जाळी किंवा बेताची चाळण बसवा. पाणी खळखळू द्या. झाकण उचललं की वाफेचा लोट तोंडावर आला पाहिजे, त्याआधी अंड्यांना हात लावू नका. मग अंडी एका थरात मांडा, एकावर एक नको, आणि झाकण लावा. लहान गावठी अंड्याला दहा मिनिटं, बॉयलरच्या मापाच्या अंड्याला बारा, फ्रिजमधून थेट काढलेलं असेल तर आणखी एक. बदकाचं मोठं अंडं असेल तर चौदा-पंधरा. आच मोठी ठेवायची गरज नाही, झाकणाच्या कडेने वाफ सतत निघत राहिली की झालं. मधेच झाकण काढून बघू नका, वाफ गेली की वेळ चुकते.

यासाठी मोदकपात्र सगळ्यात सोयीचं. घरात सुचवून बघा आणि मोठ्या माणसांचे चेहरे बघा! गणपतीचे मोदक ज्यात होतात त्यात अंडी शिजवायला आमच्याकडे सक्त मनाई आहे, आणि मला ती पटतेही. इडलीपात्राला असा कुणी देव नाही. शिवाय खळग्यांत अंडी लोळत नाहीत, म्हणून तडकतही नाहीत.

पाण्यातच उकडायचं असेल तर पाणी आधी उकळू द्या, अंडी झाऱ्यावर घेऊन एकेक अलगद सोडा, मग आच मध्यम करा. पाणी हलकं उकळत राहावं, अंडी एकमेकांवर आपटू नयेत. वेळ जवळपास तेवढाच, एखादा मिनिट कमी. फ्रिजमधली अंडी अशी सोडली तर एखादं तडकणारच, म्हणून आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. इथे मिठाचा उपयोग आहे. तडकलेल्या अंड्यातून पांढरं बाहेर यायला लागलं की खारट पाण्यात ते लवकर साकळतं आणि भेग तिथेच बुजते. मीठ आहे ते त्यासाठी, साल सुटण्यासाठी नव्हे.

कुकरमध्येही साल छान सुटते, ताज्या अंड्याचीही. पण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि वाफ एकदम सोडली की अंडी फुटतात. माणसं जास्त असतील आणि बलक थोडा कोरडा चालणार असेल तर कुकर लावा.

ही सगळी मिनिटं समुद्रसपाटीची आहेत, जिथे पाणी १०० अंशांना उकळतं. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचावर, तिथे ते साधारण दोन अंश आधीच उकळतं, म्हणून एखादं मिनिट जास्त धरा.

गार करणं, आणि बर्फाबद्दल एक सूचना

वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात. बर्फ असेल तर उत्तम, नसेल तर विहिरीचं किंवा माठातलं पाणी घ्या आणि ते कोमट झालं की बदला, दोन-तीनदा. दहा-पंधरा मिनिटं अंडी त्यातच राहू द्या. आतला गर थोडा आकसतो, कवच आकसत नाही, तेवढीच मधे फट मिळते. शिवाय शिजणं तिथेच थांबतं.

बंदरावर राहणाऱ्यांसाठी सूचना अशी, की मासळीच्या पेटीतला बर्फ यासाठी घेऊ नका. मनात येतं, "सालीतच तर आहेत अंडी, काय होतंय?" गरम अंडं गार होताना आतली हवा आकसते आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ज्या पाण्यात अंडी गार करायची ते पिण्यालायकच हवं. तडकलेल्या अंड्यांना तर हे दुप्पट लागू.

सोलायचं कुठून

बोथट टोकाकडून. तिथे पोकळी आहे, तिथेच ओट्यावर हलकं आपटा. मग अंडं आडवं ठेवून तळहाताने हलकेच दाबत लोळवा, सालीला सगळीकडे बारीक तडे गेले पाहिजेत. आता बोथट टोकाची दोन-तीन टरफलं काढा आणि थांबा. खाली पांढुरका, ओलसर पापुद्रा दिसेल. अंगठ्याचं नख नव्हे, अंगठ्याचा मांसल भाग त्या पापुद्र्याच्या खाली सरकवा. पापुद्रा फाटून बोट एकदा गुळगुळीत पांढऱ्याला लागलं की टरफलं त्याला चिकटूनच पट्टीसारखी निघत येतात. साल कणाकणाने निघते अशी ज्यांची तक्रार आहे त्यांचं बोट पापुद्र्याच्या वर राहिलेलं असतं, एवढंच.

हे काम पाण्यात करा. टोपात पाणी घेऊन अंडं बुडवून सोललं की पाणी फटीतून आत शिरतं आणि पुढची वाट करून देतं, टरफलाची कचही अंड्याला लागून राहत नाही. नळ सोडून ठेवायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या विहिरीचा तळ दिसतो त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाकीच्या तक्रारी, भराभर

बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं ते जास्त शिजवल्याने. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांची जुळणी होते. खायला धोका नाही, दिसायला वाईट. मिनिटं मोजा आणि गार पाणी चुकवू नका.

बलक एका बाजूला गेला, अर्धं करताना पांढऱ्याची भिंत फाटली, तर अंडं जुनं असतं. पांढरं पातळ झालं की बलक मधोमध राहत नाही. सोलायला सोपं अंडं कापायला थोडं वाकडं निघणार, इथे दोन्ही सुखं एकत्र मिळणं कठीण.

लिंबू, आमसूल, व्हिनेगर यांनी कवचाचा वरचा थर थोडा विरघळतो, पकड पापुद्र्याशी असते तिथे फरक पडत नाही. ॲल्युमिनियमचा टोप आतून काळा पडू नये म्हणून लिंबाची फोड टाकत असाल तर जरूर टाका. सोड्याने बाहेरचं पाणी अल्कधर्मी होतं, पण दहा मिनिटांत ते कवचातून कितीसं आत पोचणार? जास्त पडला तर वास मात्र येतो. टाचणीने बोथट टोकाला टोचलं तर त्या टोकाचा खळगा थोडा कमी होतो. मला तो खटाटोप वाटतो.

आता उकडून बसलात आणि साल निघतच नाही?

ओढाताण करू नका. धारदार सुरीने सालीसकट एका फटक्यात मधोमध दोन भाग करा आणि पातळ कडेचा चमचा साल आणि पांढरं यांच्यामधून गोल फिरवून अर्धुकं उपसून काढा. कापलेल्या कडेला टरफलाची कच राहते, ती पाण्यात एकदा बुडवून काढून टाका. नाहीतरी कालवणात आपण अर्धीच अंडी सोडतो. अगदीच लक्तरं झाली असतील तर कांदा, कोथिंबीर आणि मालवणी मसाल्यावर परतून सुकं करा, घावण्यांबरोबर कुणी नाव ठेवत नाही.

आणि अजून उकडलीच नसतील, अंडी आजची असतील, तर माझं मत असं की ती उकडूच नका. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं कालवण नेहमीसारखं करा, मीठ-मसाला बघून घ्या, आमसुलं आधीच टाका. रस्सा दाटसर असू द्या आणि आच इतकी कमी करा की कडेला जेमतेम बुडबुडे येतील. एकेक अंडं वाटीत फोडा, वाटीची कड रश्शाला टेकवून अंडं अलगद आत सोडा, दोन अंड्यांत अंतर ठेवा. झाकण लावून पाच-सहा मिनिटं. बलक पूर्ण घट्ट हवा असेल तर आणखी दोन. डाव घालून ढवळायचं नाही, टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलका फिरवायचा. ताज्या अंड्याचं पांढरं दाट असतं, ते बलकाला धरून जागच्या जागी गोळा होतं. आठ-दहा दिवसांचं बॉयलर अंडं असं सोडलंत तर ते पसरतं आणि रस्साभर पांढरे धागे होतात. ती ट्रेमधली अंडी उकडायला ठेवा.